लोडरला बकेटऐवजी माणूस उभा राहील असा पिंजरा बसवायचाय, सल्ला हवा

काळीमाती
नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची केशर आंब्याची बाग आहे. झाडं जुनी, शेंडे १८-२० फुटांवर गेलेत. खालचा माल जमिनीवरून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, निघतो. शेंड्याचा आंबा देठ ठेवून कात्रीने काढायचा तर शिडी लागते, नाहीतर चीक सांडून फळावर डाग पडतात. आणि मे महिन्यात आमच्या काळ्या रानाला अशा भेगा असतात की शिडीचा एक पाय नेमका भेगेत.

घरी ४७ एचपीचा ट्रॅक्टर आहे. त्याला शेणखत भरायला तालुक्याच्या वर्कशॉपमधून लोडर करून घेतलाय. बकेट दोन पिनांवर आहे, झटक्यात निघते. तिच्या जागी एक माणूस आणि एक क्रेट मावेल असा पिंजरा बसवायचा विचार आहे. वेल्डिंग मेहुणा करतो. गावात सगळे सरळ बकेटमध्येच गडी उभा करतात, मला ते करायचं नाही. पाईप कोणता घेऊ, मजला केवढा ठेवू, कठडा किती उंच? कुणी बनवला असेल तर मापं द्या.

वेल्डिंगवाले_तात्या
मापं घ्या. मजला ४ फूट बाय अडीच फूट. यापेक्षा मोठा करू नका, जागा दिसली की दुसरा माणूस चढतोच. खालची फ्रेम ५०x५० चा ४ एमएम चौकोनी पाईप, मध्ये दोन आडवे. वर ३ एमएम चेकर्ड प्लेट, पाणी निघायला भोकं मारून. उभे खांब आणि कठडा ४०x४० चा ३ एमएम. कठड्याची उंची १.१ मीटर, मध्ये एक आडवा पाईप आणि खाली चारी बाजूंनी ४ ते ६ इंचांची पट्टी, म्हणजे कात्री नाहीतर पाना पायाने सरकून खालच्याच्या डोक्यात पडणार नाही.

दार आतच उघडलं पाहिजे आणि आपोआप मिटलं पाहिजे. बाहेर उघडणारं दार म्हणजे टेकायला गेलं की माणूस खाली. साखळी लावून भागवू नका, साखळी कुणी अडकवत नाही.

लोडरच्या बाजूला, म्हणजे माणसाची पाठ आणि लोडरचे हात यांच्यामध्ये, पूर्ण उंचीची जाळी मारा. वर जाताना माणूस सवयीने मागचा पाईप धरतो आणि बोटं सांध्यात जातात. धरायला आतल्या अंगाने वेगळा दांडा द्या. फांदी आणि कठडा यांच्यात हात चेंगरतो तो यामुळेच वाचतो.

सगळं धरून पिंजऱ्याचं वजन दीडशे किलोपर्यंत जाईल. गॅल्व्हनाइज्ड पाईप स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डही पोकळ बसतो.

बांधावरचा_बगळा
एवढा खटाटोप कशाला राव? आमच्याकडे पुढारी आला की जेसीबीच्या बकेटमध्ये पाच-सहा पोरं उभी राहून फुलं उधळतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार जेसीबी. काही होत नाही. तुम्ही एका गड्यासाठी जाळी काय न् पट्टी काय!

हायड्रोमामा
बगळेसाहेब, होत नाही तोवर होत नाही.

काळीमाती, तात्यांचा पिंजरा चोख आहे, त्यात मी बोट घालत नाही. पण तुमचा प्रश्न पिंजऱ्याचा नाहीच. पिंजरा तुटून माणूस पडला असं क्वचित होतं. पडतो तो लोडर. मी हायड्रॉलिकची दुरुस्ती करतो, गावठी लोडर रोज समोर येतात. त्यातल्या बहुतेकांत उचलायच्या दोन सिलिंडरांना तेल नेणारा एक होज, म्हणजे रबरी नळी, असतो आणि त्या होजवरच सगळा भार टांगलेला असतो. होज बॉनेटशी किंवा चाकापाशी घासून झिजतो, तारेची जाळी उघडी पडते, त्यावर माती बसते आणि कुणाला दिसत नाही. तो फुटला की लोडरचा हात खाली येतो. हळूहळू नाही, एकदम. शेणखत असेल तर शेणखत पडतं.

म्हणून माणूस उचलायचा तर सिलिंडरच्या तोंडावरच व्हॉल्व्ह पाहिजे. तोंडावरच म्हणतोय, मध्ये वीतभर होजही नको. प्रकार तीन:

एक, होज बर्स्ट व्हॉल्व्ह. तेल ठरावीक वेगापेक्षा जोरात पळालं की बंद होतो. स्वस्त आहे. पण होज बारीक गळत असेल, तर वेग कमी पडतो आणि तो बंद होतच नाही.

दोन, पायलट चेक. भार कुलूप लावल्यासारखा धरतो. खाली येताना मात्र झटके देतो. वर माणूस असताना झटके नकोत.

तीन, काउंटरबॅलन्स. धरतोही आणि सावकाश उतरवतोही. माणसासाठी हाच. दोन्ही लिफ्ट सिलिंडरना एकेक, आणि बकेट कलवायच्या सिलिंडरनाही. हे सगळे विसरतात. टिल्टचा होज फुटला तर हात वरच राहतो, पण पिंजरा पुढे ओतला जातो. चारही व्हॉल्व्हांचा खर्च ट्रॅक्टरच्या मागच्या नव्या टायरपेक्षा फार नसेल.

आणखी एक. तुमच्या लोडरच्या लिव्हरला फ्लोट आहे का बघा. लिव्हर पूर्ण पुढे ढकलली की खटकन अडकते आणि हात मोकळा सुटतो, जमिनीच्या चढउतारावर बकेट घसटत न्यायला. खाली घेताना चालकाचा हात जरा जास्त पुढे गेला तर माणूस वर असताना तेच होईल. पिंजरा लावलेला असताना लिव्हर तिथपर्यंत जाणारच नाही असा अडसर बोल्टने बसवा.

काळीमाती
मामा, डोक्यात प्रकाश पडला. फ्लोट आहे, आत्ताच जाऊन बघितलं. व्हॉल्व्ह एकही नाही. एक शंका: इंजिन स्लोला ठेवून उतरवलं तर हळू येणार नाही का?

हायड्रोमामा
नाही. वर जाण्याचा वेग पंपावर, म्हणजे इंजिनावर. खाली येणं वजनावर. इंजिन बंद असलं तरी साधा लोडर लिव्हर दाबली की खाली येतो. उतरण्याचा वेग कमी करायचा तर लाईनमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकावा लागतो.

आणि याची दुसरी बाजू. काउंटरबॅलन्स बसवलात की इंजिन बंद पडल्यावर पिंजरा खाली येणार नाही, कारण व्हॉल्व्ह उघडायला पंपाचं प्रेशर लागतं. डिझेल संपलं, बॅटरी बसली, माणूस वर अडकला. म्हणून लांब शिडी बांधावरच असू द्या. शिडीपासून सुटका नाही!

लँकेशायरकर
मी मूळचा बारामतीकडचा, सध्या इंग्लंडात शेतीयंत्रांच्या सर्व्हिसमध्ये आहे. इथला नियम सांगतो, तुमच्याकडे लागू नसला तरी त्यामागचा विचार घ्या. फोर्कलिफ्टवर टांगायच्या अशा सुट्या पिंजऱ्यांसाठी इथल्या एचएसईची, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, पीएम २८ नावाची मार्गदर्शिका आहे. ती म्हणते की असे पिंजरे अधूनमधून अचानक निघालेल्या कामासाठी. रोजच्या, आधी ठरवलेल्या कामाला नाही. ठरलेल्या कामाला माणूस उचलण्यासाठीच बनवलेलं यंत्र आणा. माणसं उचलणारी उपकरणं १९९८ च्या लोलर, म्हणजे उचलण्याच्या उपकरणांच्या, नियमांखाली दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. आणि माणूस वर असेपर्यंत चालकाने सीट सोडायची नाही.

म्हणजे शेडचा एक पत्रा उडाला, तो बसवायला वर गेलात, हे एक. अख्खा हंगाम दिवसभर आंबे काढणं हे अगदीच वेगळं. तुम्ही जे करू पाहताय ते दुसऱ्यात बसतं.

लोडरच्या मॅन्युअलमध्येही बहुतेक कंपन्या माणूस उचलू नका असं स्पष्ट छापतात. गावठी लोडरला मॅन्युअलच नसतं, त्यामुळे निदान वाचायचं तरी राहत नाही.

मोसंबीराव
मी सिव्हिलचा, पण आकडेमोड सगळीकडे सारखीच. सगळे म्हणतात ट्रॅक्टर पुढे उलटेल. ते बघू. पिंजरा १५० किलो, माणूस आणि माल १२०, म्हणजे २७०. हा भार पुढच्या आसाच्या साधारण दोन मीटर पुढे. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतरही तेवढंच. म्हणजे मागच्या चाकांवरून २७० किलो कमी होतील आणि पुढच्यांवर ५४० वाढतील. मागे नांगर किंवा वजन अडकवलं, टायरात पाणी भरलं, तर पुढे उलटण्याची भीती नाही.

खरा धोका बाजूला आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका पिनवर झुलतो. चारही चाकं जमिनीवर दिसली तरी ट्रॅक्टर खरा उभा असतो तीन ठिकाणी: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. त्रिकोण. आणि तुमचा माणूस या त्रिकोणाच्या टोकाच्याही पुढे, पंधरा फूट उंचीवर. तिथून तो एका अंगाला वाकला की सावरायला पुढे रुंदीच नाही. झुलता आस अडसराला टेकेपर्यंत ट्रॅक्टर कललेला असतो आणि तेवढ्यात वेग आलेला असतो.

आता तुमची भेग. मागचं एक चाक चार इंच खचलं समजा. मागच्या चाकांमधलं अंतर साडेचार फूट धरलं, तर पंधरा फुटांवरचा माणूस बाजूला फूटभराहून जास्त फेकला जातो. खाली बसलेल्या चालकाला तो साधा हिसका वाटतो.

त्यामुळे माणूस वर असताना ट्रॅक्टर हलवायचा नाही, एक फूटसुद्धा. खाली घ्या, पुढच्या झाडाशी जा, परत वर. हे झाडागणिक चार वेळा करावं लागलं की दुपारनंतर कुणी करत नाही, हेही तितकंच खरं.

वेल्डिंगवाले_तात्या
राव, सपाटीचं एक राहिलं. यांच्या लोडरला पॅरलल लिंक, म्हणजे बकेट आपोआप सपाट ठेवणारा दांडा, नसणार. हात वर जाईल तसा पिंजरा मागे कलेल, चालकाला दर दोन फुटांवर टिल्ट मारून सरळ करावा लागेल. त्यापेक्षा वर एक आडवा पाईप देऊन पिंजरा त्यावर लोंबता ठेवला तर? स्वतःच्या वजनाने सरळ राहील.

हायड्रोमामा
तात्या, नको. लोंबता पिंजरा माणूस मध्ये उभा असेतो सरळ. तो कात्री घेऊन कडेला गेला की सगळा मजला त्याच्याबरोबर तिकडे कलणार आणि तो मागे सरकला की झोका. आत पाळणा नाही, माणूस आहे.

पॅरलल लिंक बसवता येते, लोडरच्या हाताला समांतर एक दांडा आणि मध्ये वळणाचा तुकडा. पण सांधे, पिना, मापं सगळं मोजून. अंदाजाने केलेला दांडा वरच्या टोकाला अडकतो आणि हायड्रॉलिकचा जोर त्याला वाकवतो.

शिवारसई
तुमचं तांत्रिक वाचतेय, उत्तम चाललंय. वाचनखूण साठवली. पण एक विचारू का दादा, त्या पिंजऱ्यात उभं कोण राहणार? तुम्ही की गडी?

चालक मालकाचा मुलगा आणि वर सालगडी, हेच चित्र सगळीकडे असतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला. सालगड्याच्या नावे सातबारा नसेल तर त्याच्या घरच्यांना त्यातून काही नाही. ट्रॅक्टरची पॉलिसीही काढून बघा, घरी बनवलेल्या जोडणीवर माणूस उचलताना झालेला अपघात त्यात बसतो का ते. माझा सल्ला सोपा आहे. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः वर चढा आणि लिव्हर गड्याच्या हातात द्या. दुपारपर्यंत किती व्हॉल्व्ह बसवायचे ते आपोआप कळेल.

काळीमाती
ताई, लागलं. खोटं नाही बोलत, वर गडीच डोळ्यासमोर होता. घरी हेच वाचून दाखवलं तर आई म्हणाली, त्याची बायको परवाच बाळंत झाली, त्याला कशाला वर चढवतोस.

बांधावरचा_बगळा
ताईंच्या प्रतिसादाला +१. फुलांचं बोललो ते मागे घेतो. ती पोरंही कुणाची तरी असतातच.

वायरमनदादा
एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही, मी वीज खात्यातून निवृत्त झालोय म्हणून सांगतो. बागेवरून लाईन गेलीय का? शेतातून जाणाऱ्या ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून किमान उंची नियमात ४.६ मीटर आहे. उन्हाळ्यात तार तापून सैल पडते, खांब कललेला असेल तर आणखी खाली. तुमचा मजला वर गेला ३ मीटरला. त्यावर माणसाचा वर केलेला हात धरा, ५ मीटर झाले. हातात अॅल्युमिनियमचा झेला असेल तर बोलायलाच नको. आणि माणूस उभा आहे लोखंडी पिंजऱ्यात. तारेला हात लागायलाच पाहिजे असंही नाही, ११ केव्ही जवळ गेल्यावरही उडी मारते.

लाईनखालच्या ओळींत पिंजरा न्यायचाच नाही. न्यायचाच असेल तर आधी महावितरणकडून रीतसर बंद करून घ्या आणि बंद झाल्याची खात्री लाईनमनकडून करून घ्या, फोनवरच्या "हो झालं"वर नको. चुकून ट्रॅक्टर तारेला लागलाच तर चालकाने सीटवरच बसून राहायचं. एक पाय जमिनीवर आणि एक ट्रॅक्टरवर, असा माणूस मरतो.

कोकणी_घळ
रत्नागिरीतून वाचतंय. आमच्या कातळावर ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून हा प्रश्नच नाही, हा!

पण एक सांगतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे ना, त्याला पातं आणि जाळी दोन्ही. देठासकट आंबा जाळीत पडतो, खाली आपटत नाही. लांब बांबू लावला तर तुमच्या १८ फुटांवर जमिनीवरून पोचतो. आणि मूळ दुखणं झाडाच्या उंचीचं आहे. काढणी झाल्या झाल्या मधली उभी फांदी कापून झाड उघडा, ऊन आत गेलं पाहिजे. एकदम सगळी झाडं कापू नका, दरवर्षी थोडी थोडी, म्हणजे माल बुडत नाही. चार-पाच वर्षांत बाग हाताला येते.

मोसंबीराव
यावरून सुचलं. हंगामासाठी ट्रॉलीवर माचा का नाही करत? चारचाकी ट्रॉलीचा मजला जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतोच. त्यावर पाच-सहा फूट उंच पक्का माचा, वर तोच कठडा, चढायला आतून शिडी. ना होज, ना पिन, ना लिव्हर. चाकांना ओंडके लावा. दोन चाकी ट्रॉली मात्र नको, ती पुढे-मागे कलते. मजला दहा फुटांवर गेला, माणसाचा हात सतरा फुटांवर पोचतो. वरचे दोन-तीन फूट झेल्याने.

काळीमाती
हे पटलं. चारचाकी ट्रॉली आहेच. आंब्याला माचा, छाटणीचं या पावसाळ्यात सुरू करतो.

लोडरचा पिंजरा तरीही करणार, पण शेडचे पत्रे आणि अंगणातला दिवा एवढ्याचसाठी. तेही सिमेंटच्या कोब्यावर, ट्रॅक्टर न हलवता. व्हॉल्व्ह बसल्याशिवाय माणूस चढणार नाही, आणि पहिला मी. तात्या, मामा, जोडणी आणि चाचणी कशी करू?

वेल्डिंगवाले_तात्या
जोडणी बकेटच्याच पिनांवर. बकेटमध्ये पिंजरा ठेवून साखळीने आवळणं हा प्रकार करू नका. पिनेला दोन्ही बाजूंनी लॉक. नट सैल न होणारे नायलॉकचे, बोल्ट ८.८ ग्रेडचे. पिन ज्यातून जाते त्या कानाच्या प्लेटा १२ एमएम, आणि पिंजऱ्याच्या खांबाला नुसत्या चिकटवू नका, फ्रेमला आरपार घेऊन दोन्ही बाजूंनी वेल्ड. त्या सांध्यांना ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरा, रॉड कोरडा असला पाहिजे. मेहुण्याला सांगा, दिसायला सुबक टाका आणि आत शिरलेला टाका वेगळे असतात. नंतर डाय पेनिट्रंटचे स्प्रे मारा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. वर्कशॉपच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ चा शिक्का बघून. कमरेचा पट्टा नको. त्याची दोरी आखूड आणि पिंजऱ्यातल्या खालच्या कडीला अडकवलेली, इतकी आखूड की माणूस कठड्यावरून बाहेर जाऊच शकणार नाही. झाडाला नाहीतर शेडच्या छपराच्या कैचीला कधीही अडकवायची नाही. पिंजरा खाली गेला की माणूस वर लटकेल.

हायड्रोमामा
चाचणी: सिमेंटच्या ५० किलोच्या सहा गोण्या. म्हणजे ३०० किलो, तुमच्या १२० च्या अडीचपट. मागे वजन अडकवा, आधी दोन फुटांवर धरून बघा, मग पूर्ण वर. इंजिन बंद करा. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर मार्करने रेघ मारा आणि जेवून या. रेघ सरकली असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, तो दुरुस्त होईपर्यंत पुढे जायचं नाही. जवळ कुणालाही उभं राहू देऊ नका, लेकरं तर अजिबात नाही. मग गोण्या एका अंगाला सरकवून पुन्हा तेच, टिल्टच्या सिलिंडरवरही रेघ मारून.

पिंजऱ्यावर रंगाने लिहा: एक माणूस, १२० किलो. आणि काम झालं की पिंजरा उतरवून ठेवा. लोडरला लावलेला दिसला की शेजारी मागायला येतो, आणि त्याने हा धागा वाचलेला नसतो.

शिवारसई
मामा, शेवटचं वाक्य खरंय. आमच्याकडचं फवारणी यंत्र असंच गावभर फिरतं.

काळीमाती
मामा, व्हॉल्व्ह मागवायचे तर काय सांगू दुकानात?

हायड्रोमामा
सिलिंडरच्या पोर्टचा आटा मोजा, ३/८ बीएसपी आहे की १/२. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, आणि दांड्याचा व्यास लिहा. पंपाचं प्रेशर ट्रॅक्टरच्या पुस्तकात असेल. पोर्टभोवती व्हॉल्व्ह बसायला जागा किती आहे त्याचा बाजूने एक फोटो टाका. गावठी सिलिंडरवर पोर्ट कधीकधी हाताच्या प्लेटला इतका खेटून असतो की व्हॉल्व्ह फिरवायलाच जागा नसते, मग आधी सिलिंडर उलटा बसवावा लागतो.

काळीमाती
लिफ्टच्या दोन्हींना १/२ आहे, टिल्टला ३/८. फोटो उद्या दिवसाउजेडी टाकतो. डावीकडच्या लिफ्टचा पोर्ट खरंच प्लेटला खेटलेला दिसतोय.